'ग्रॅम निगेटिव्ह' म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह नव्हे: जिवाणूंची रचना, प्रकार आणि वाढ

कापूस वेचणीचे दिवस होते. पन्नाशीच्या एक मावशी 'उन्हाळी लागली' म्हणून माझ्या भोकरदनच्या दवाखान्यात आल्या. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ होती, म्हणून मी लघवीचं कल्चर करायला सांगितलं आणि रिपोर्ट येईपर्यंत गोळ्या सुरू करून दिल्या. रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर आला. त्यात लिहिलं होतं, 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय'. करोनापासून 'निगेटिव्ह' या शब्दाचा एकच अर्थ घरोघरी पक्का झालेला आहे. मुलगा म्हणाला, "आई, निगेटिव्ह आलंय. काही निघालं नाही." गोळ्या बंद झाल्या. चौथ्या दिवशी मावशी आल्या त्या हुडहुडी भरून ताप, उलट्या आणि उजव्या कुशीत दुखणं घेऊनच. जंतुसंसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता.

मुलाला दोष देता येत नाही. रिपोर्ट इंग्रजीत, शब्द आमच्या पुस्तकातले, आणि मीही आधी काही समजावून सांगितलं नव्हतं. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्या एका कागदावरचे शब्द समजले तर जिवाणू कसा असतो, त्याचे प्रकार कसे पाडतात आणि तो वाढतो कसा, हे बरंचसं समजतं. म्हणून तोच कागद समोर ठेवून बोलू.

जिवाणू केवढा असतो, आत काय असतं?

मावशींच्या रिपोर्टमध्ये जिवाणूचं नाव होतं ई. कोलाय. पूर्ण नाव एशेरिकिया कोलाय. थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून पहिला शब्द त्याच्या नावावरून. 'कोलाय' म्हणजे मोठ्या आतड्यातला. तुमच्या-माझ्या आतड्यात तो कायम असतो आणि तिथे सहसा त्रास देत नाही. तो मूत्रमार्गात शिरला की त्रास सुरू होतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. त्यात दिवसभर शेतात काम, जवळ आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची. आमच्या भागात वेचणीच्या दिवसांत उन्हाळीचे पेशंट का वाढतात, याचं उत्तर यातच आहे.

हा जिवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब असतो. म्हणजे एकामागे एक असे ५०० ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. संपूर्ण जीव एकाच पेशीचा. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकाच्या डबीत बंद असतो. जिवाणूत ही डबीच नाही. डीएनएचा एक लांब, दोन्ही टोकं जोडलेला धागा गुंडाळी होऊन आत मोकळाच असतो. ई. कोलायचा हा धागा उलगडला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो, जिवाणूच्या लांबीच्या सातशे-आठशे पट. घडी घालण्याचं हे कसब मला अजूनही अचंबित करतं. सोबत रायबोसोम नावाचे हजारो बारीक कण असतात. प्रथिनं बनवण्याचा कारखाना तोच. या सगळ्याभोवती पातळ पेशीपटल आणि त्याबाहेर पेशीभित्तिका.

ही भित्तिका महत्त्वाची. ती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाच्या जाळीची असते. आपल्या पेशींना अशी भिंत नसते. जिवाणूच्या आतला दाब इतका असतो की भिंत कमकुवत झाली की पाणी आत शिरून तो फुटतो. पेनिसिलिन नेमकं हेच करतं: वाढणाऱ्या जिवाणूला नवी भिंत विणू देत नाही. (आपल्याकडे पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. माझ्या आजोबांच्या पिढीला 'पेनिसिलिन' हा शब्द तोंडपाठ होता.) ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधं रायबोसोम बंद पाडतात, कारण जिवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा बांधणीने वेगळा आहे. शत्रूकडे आहे आणि आपल्याकडे नाही, अशा जागेवर नेम धरायचा, हीच अँटिबायोटिकची सारी युक्ती.

आता सर्दी-पडशाचा विषाणू पाहा. त्याला भिंत नाही, स्वतःचा रायबोसोम नाही, स्वतःहून वाढायची सोयही नाही. अँटिबायोटिकने नेम धरायचा कशावर? साध्या सर्दीला "डॉक्टर, जरा पॉवरची गोळी द्या" असं कोणी म्हणतं तेव्हा मी हेच सांगतो. काही जण पटवून घेतात, काही जण समोरच्या मेडिकलवर जातात.

ई. कोलायच्या अंगावर आणखी दोन वस्तू असतात. लांब शेपटीसारखे तंतू, ज्यांनी तो पोहतो. आणि आखूड केसांसारखे तंतू, ज्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतो. भरपूर पाणी प्यायल्याने बरेच जंतू धुऊन जातात, पण चिकटलेले सगळे जात नाहीत. म्हणून जळजळ वाढत असेल तर नुसतं सब्जा, धन्याचं पाणी पीत आठ दिवस काढू नका.

ग्रॅम पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह

इथे ग्रॅम म्हणजे वजन नव्हे. हान्स क्रिस्टियन ग्रॅम हे डेन्मार्कचे डॉक्टर. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू जवळजवळ पारदर्शक दिसतात, म्हणून त्यांना रंगवण्याची एक पद्धत त्यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. काचपट्टीवर आधी जांभळा रंग घालतात, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुतात, शेवटी गुलाबी रंग. ज्या जिवाणूंची भिंत जाड असते ते जांभळा रंग धरून ठेवतात; ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ असते त्यांचा जांभळा रंग धुतला जातो आणि ते गुलाबी दिसतात. ते ग्रॅम निगेटिव्ह. म्हणजे 'निगेटिव्ह' हा शब्द त्या जांभळ्या रंगापुरता आहे. जिवाणू सापडले आहेत, फक्त ते गुलाबी दिसले, एवढाच त्याचा अर्थ. खरोखर काही सापडलं नसेल तर रिपोर्टमध्ये 'नो ग्रोथ' असं लिहितात.

ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंना पातळ भिंतीच्या बाहेर आणखी एक आवरण असतं. या आवरणामुळे काही औषधं आत शिरूच शकत नाहीत. शिवाय त्याच आवरणात एक विषारी घटक असतो. जिवाणू रक्तात उतरले की हुडहुडी, तीव्र ताप, आणि कधी रक्तदाब एकदम खाली जाणं, यामागे मुख्यतः हा घटक असतो. लघवीच्या त्रासासोबत हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखू लागलं, पेशंट गुंगीत वाटला किंवा लघवी कमी झाली, तर सकाळपर्यंत थांबू नका. गरोदर बाई, मधुमेही, वयस्कर माणूस आणि लहान मूल असेल तर आणखी घाई करा.

'बॅसिलाय' हा शब्द आकाराचा: काडीसारखे लांबट. गोल असतील तर 'कोकाय'. त्यातले द्राक्षाच्या घडासारखे जमतात ते स्टॅफिलोकोकाय, केसतोड आणि गळू करणारे. मण्यांच्या माळेसारखे राहतात ते स्ट्रेप्टोकोकाय, घसा धरणारे. पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा जंतू मळसूत्रासारखा. आणखी एक वाटणी प्राणवायूवरून करतात: काहींना तो लागतो, काहींना तो मारतो, आणि ई. कोलायसारख्यांचं दोन्हीकडे जमतं.

क्षयाचा जंतू या ग्रॅमच्या वाटणीत नीट बसत नाही. त्याच्या भिंतीत मेणासारखा पदार्थ इतका असतो की साधा रंग आत जातच नाही. त्याला वेगळ्या पद्धतीने रंगवावं लागतं, मग निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. आता बेडक्याची तपासणी ट्रूनॅट यंत्रावरही होते, गोवा आणि बेंगळुरूच्या कंपन्यांनी मिळून बनवलेल्या. ते रंग पाहत नाही, थेट जंतूचा डीएनए शोधतं.

हल्ली वर्गीकरणात आकार आणि रंगापेक्षा डीएनएला जास्त महत्त्व आहे. याचं एक उदाहरण आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा आहे असं सांगितलं. बातम्यांत कुठे कुठे 'जिवाणू' म्हटलं गेलं, दिसतातही तसेच. पण डीएनएच्या दृष्टीने ते जिवाणूंपासून फार दूरचे, आणि त्यांच्या भिंतीत ती पेप्टिडोग्लायकनची जाळी नसते.

एकाचे दोन, दोनाचे चार

जिवाणूंमध्ये नर-मादी नसतात. जिवाणू वाढून लांब होतो, डीएनएची दुसरी प्रत बनते, मधोमध आडभिंत येते आणि एकाचे दोन होतात. चांगलं अन्न आणि ऊब मिळाली तर ई. कोलायला याला सुमारे २० मिनिटं लागतात. हिशेब करून बघा: एका तासात एकाचे ८, दोन तासांत ६४, आठ तासांत १ कोटी ६७ लाखांवर. प्रत्यक्षात ही चाल फार वेळ टिकत नाही, कारण अन्न संपतं आणि स्वतःच्याच मळाने ते गुदमरतात.

हे सगळं तुमच्या घरात रोज रात्री घडतं. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की पहिला काही वेळ काहीच घडत नाही. जिवाणू नव्या दुधाला सरावत असतात. मग ते झपाट्याने वाढतात आणि आम्ल तयार होऊन दूध थिजतं. आंबटपणा फार वाढला की वाढ थांबते. थंडीत भांडं गोधडीत गुंडाळावं लागतं, कारण गारव्यात त्यांची वाढ मंदावते. फ्रिजमध्ये ठेवलेला रस्सा दोन दिवस टिकतो तो याच कारणाने. फ्रिज जंतू मारत नाही, त्यांना सुस्त करतो.

प्रत्येक जिवाणूचा वेग वेगळा. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो, कुष्ठरोगाच्या जंतूला सुमारे दोन आठवडे. क्षयाचं कल्चर यायला आठवडे लागतात आणि औषध निदान सहा महिने घ्यावं लागतं, त्यामागे हा संथपणा आहेच. बहुतेक औषधं वाढणाऱ्या जंतूवर काम करतात, आणि सुस्त पडून राहिलेला जंतू त्यांच्या तावडीत लवकर येत नाही. दोन महिन्यांत वजन वाढलं, खोकला गेला म्हणून गोळ्या सोडणारे पेशंट इथेच फसतात.

जिवाणू मुद्दाम वाढवून माणसं वाचवल्याची एक गोष्ट मुंबईतली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीचा प्लेग आल्याचं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं. ते मूळचे गोव्याचे. प्लेगचा जंतूही ग्रॅम निगेटिव्ह काडीच आहे. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसांत वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवत होते. मांसरसात त्यांनी प्लेगचे जंतू सोडले आणि वर तुपाचे थेंब तरंगू दिले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागली, गुहेत छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी. भांडं हलवून ती खाली पाडायची, की पुन्हा नवी वाढ. जंतू पुरेसे झाल्यावर ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून ते मारायचे. मेलेल्या जंतूंचं ते पाणी म्हणजे लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ही प्रयोगशाळा परळला गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं.

याच लसीवर १९०२ मध्ये मोठा आळ आला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, त्यातून धनुर्वाताचे जंतू बाटलीत गेले, असा निष्कर्ष पुढे तज्ज्ञांनी काढला. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला.

जमिनीवर पडलेला चिमटा इतका घातक का? धनुर्वाताचा जंतू अडचणीत आला की स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू बनतो. हे प्रजनन नाही, जीव वाचवण्याची युक्ती आहे: एका जिवाणूचा एकच बीजाणू. मातीत, शेणात तो वर्षानुवर्षं पडून राहतो. साध्या उकळीने सगळे बीजाणू मरतीलच असं नाही. म्हणून दवाखान्यातली हत्यारं कुकरसारख्या यंत्रात दाबाखाली १२१ अंशांवर वाफवतात. खिळा गंजलेला होता की चकचकीत, याला फारसा अर्थ नाही. खोल जखमेत माती आणि शेण गेलं का, ते विचारा. वखराचा फाळ लागला तर हळद भरून घरी बसू नका. जखम धुवा आणि धनुर्वाताच्या लसीचं विचारायला या.

बाटलीतली लघवी आणि एक लाखाचा आकडा

आता पुन्हा मावशींचा रिपोर्ट. त्यात लिहिलं होतं, 'एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त सीएफयू'. लॅबमध्ये मोजून घेतलेली लघवी खाद्य घातलेल्या ताटलीवर पसरतात आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. एकेका जिवाणूपासून वाढून डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो. ठिपके मोजले की मूळ जिवाणू किती होते याचा अंदाज येतो. सीएफयू म्हणजे हेच.

पण वाटेतही जिवाणू वाढत असतात. आमच्याकडच्या गावांतून बाटली पिशवीत घालून एसटीने जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेतात. अनुकूल परिस्थितीत तीन तासांत एकाचे ५१२ होतात. म्हणजे त्वचेवरून चुकून गेलेले दोनशे जंतू लॅबमध्ये पोहोचेपर्यंत लाखाच्या घरात जाऊ शकतात. लघवीत वेग एवढा नसेलही, पण रिपोर्ट फसवा यायला तेवढं लागत नाही. म्हणून जागा आधी पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक बाटलीत धरा, आणि तासा-दोन तासांत पोहोचवा. जमणार नसेल तर बाटली फ्रिजमध्ये, नेताना बर्फाच्या डब्यात. घरची औषधाची बाटली धुऊन आणू नका. आणि शक्यतो अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या.

उलट बाजूही सांगतो. काही त्रास नसताना रिपोर्टमध्ये जंतू निघाले, विशेषतः वयस्कर बायकांत, तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे महत्त्वाचे अपवाद. आकड्यावर उपचार करायचा नसतो, माणसावर करायचा असतो, हे मला शिकायला काही वर्षं लागली.

'एस', 'आर' आणि ईएसबीएल

रिपोर्टच्या खालच्या भागात औषधांची यादी असते. पुढे 'एस' असेल तर ते औषध त्या जंतूवर चालतं, 'आर' असेल तर चालत नाही. मावशींच्या यादीत निम्म्याहून जास्त औषधांपुढे 'आर' होतं आणि तळाशी 'ईएसबीएल' अशी नोंद. म्हणजे हा जंतू असं एक विकर बनवतो, जे पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन गटातली बरीच औषधं तोडून टाकतं.

लोक म्हणतात, "अंगाला गोळीची सवय झाली." सवय अंगाला होत नाही, जंतूला होते. एकाचे दोन होताना डीएनएची प्रत काढण्यात अधूनमधून चूक होते. कोट्यवधी प्रतींत एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळे तो जिवाणू औषधातून वाचतो. बाकीचे मरतात, हा एकटा उरतो आणि पुन्हा वीस मिनिटांचा हिशेब सुरू होतो. शिवाय जिवाणूंकडे मुख्य डीएनएखेरीज प्लास्मिड नावाची छोटी कडी असतात. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून कड्याची प्रत देऊ शकतो. दुसरा त्याच जातीचा असायलाच हवा असं नाही. ईएसबीएलची कृती बहुधा अशाच कड्यांवरून पसरते. मावशींनी आधीच्या दोन्ही वेळा मेडिकलवरून दोन-दोन दिवसांच्या वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यांच्या आतड्यातले कोण मेले आणि कोण उरले, याचा अंदाज तुम्हीच करा.

गोळ्या किती दिवस घ्यायच्या, याचं एकच उत्तर नाही. मूत्राशयापुरत्या साध्या त्रासाला कधी तीन-पाच दिवस पुरतात, मूत्रपिंडापर्यंत गेलं तर जास्त, क्षयाला महिने. तो आकडा डॉक्टरकडून लिहून घ्या. बरं वाटलं म्हणून आधी थांबवायचं असेल तर फोन करून विचारा. उरलेली पट्टी जावेसाठी डब्यात ठेवू नका.

मावशींना दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यावं लागलं. आठवड्याभरात त्या घरी गेल्या, वेचणी मात्र हुकली. जाताना मुलाने तो रिपोर्ट कचऱ्यात टाकायला काढला होता. मी तो घडी करून त्यांच्या फाइलमध्ये लावायला सांगितला. पुढच्या वेळी त्रास झाला तर कुठली औषधं चालणार नाहीत, हे मला किंवा दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरला त्या कागदावरून पहिल्याच मिनिटाला कळेल. तुमच्या घरातही असा जुना कल्चर रिपोर्ट असेल तर दवाखान्यात येताना तो घेऊन या. मोबाइलवर असला तरी चालेल.